पहिल्या ऐकण्यातला निवाडा

एखाद्या गायकाचा नवा अल्बम सकाळी बाहेर पडतो आणि दुपारपर्यंत त्याविषयी शेकडो रसिकांची मते तयार झालेली असतात. 'पूर्वीची सर नाही', 'आजवरच्या सर्वांत श्रेष्ठ', 'तिसरे गाणे सोडले तर बाकी नुसते भरताड' अशी ती मते. ती देणाऱ्यांत दुष्ट बुद्धीचा क्वचितच कोणी असतो. किंबहुना ज्यांनी त्या गायकावर मनापासून प्रेम केले, तेच सर्वांआधी बोलतात. म्हणूनच प्रश्न पडतो की, दुसऱ्याने वर्ष-दोन वर्षे खपून जे घडविले, त्याविषयी चाळीस मिनिटांच्या ऐकण्यावर मत देण्याचा आपला अधिकार नेमका कोणत्या जातीचा आहे? तो आवडीनिवडीचा साधा उच्चार आहे, की तो निवाडा आहे आणि निवाड्याला लागू असणारी सारी बंधने त्यालाही लागू होतात?

आवडीनिवडीला कसली आली नीती, असे पुष्कळांना वाटेल. मला शेपूची भाजी आवडत नाही असे मी म्हटले तर त्यात कोणावरही अन्याय होत नाही. परंतु 'मला हा अल्बम आवडला नाही' आणि 'हा अल्बम वाईट आहे' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्यात मी माझ्याविषयी सांगतो. दुसऱ्यात त्या वस्तूविषयी, आणि तुम्हालाही तसेच वाटावे अशी अपेक्षा त्यात दडलेली असते. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1790 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा भेद फार बारकाईने मांडला आहे. सौंदर्याविषयी बोलताना माणूस केवळ स्वतःपुरते बोलत नाही, तो इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो. हक्क सांगितला की जबाबदारी आलीच.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी मुद्दाम 'इंडी पॉप' या संगीताचे उदाहरण घेतो. आपल्या घरातील तरुण मुलांच्या तोंडी हा शब्द पुष्कळांनी ऐकला असेल. 'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचे लघुरूप. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासून स्वतंत्र राहून, थोड्या पैशांत, बहुधा मित्रमंडळींच्या जोरावर काढलेले संगीत, असा त्याचा मूळ अर्थ. ब्रिटनमध्ये त्याला रूप आले ते 1980 नंतरच्या दशकात. 1986 साली 'एन. एम. ई.' या संगीत-साप्ताहिकाने 'सी 86' नावाची बावीस गाण्यांची एक कॅसेट काढली आणि या मंडळींना एक ओळख मिळाली. पुढच्याच वर्षी ब्रिस्टल शहरात क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघा तरुणांनी 'सेरा रेकॉर्ड्स' ही चिमुकली संस्था सुरू केली.

वॉड आणि हेन्स हे मुळात श्रोते होते. दोघेही पूर्वी 'फॅनझीन' काढीत. म्हणजे रसिकाने स्वतः टंकून, छायाप्रती काढून, टपालाने धाडलेली पत्रके. कोणती नवी तबकडी ऐकली, ती का भावली, कोणती निराशा करून गेली हे त्यांत लिहिलेले असे. पुढे त्यांच्या संस्थेच्या तबकड्यांबरोबरही लिहिलेले कागद, पोस्टकार्डे जाऊ लागली. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामधले अंतर एका पोस्टाच्या तिकिटाएवढे उरले. अशा वर्तुळात मत देणे म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहून बोलणे होय. ज्याच्याविषयी बोलायचे तो ऐकतो आहे आणि उद्या तो आपल्याला भेटणार आहे, हे ठाऊक असताना माणूस कसा बोलतो? मला वाटते, येथेच या प्रश्नाचे मर्म आहे.

याच संस्थेला त्या काळच्या काही बड्या संगीत-साप्ताहिकांनी कसे वागविले, हेही पाहण्यासारखे आहे. 'गुळमट', 'बालिश', 'शेळपट' अशा अर्थाच्या विशेषणांनी त्यांच्या गाण्यांची बोळवण केली जाई. द फील्ड माइससारख्या वाद्यवृंदाने साध्या गिटारीवर, हलक्या आवाजात मनुष्याच्या संकोचाविषयी आणि विरहाविषयी गावे, हे पुरुषी आवेशाला सरावलेल्या कानांना पचत नसे. हा निवाडा ऐकल्यानंतरचा नव्हता. संस्थेचे नाव वाचूनच तो ठरत असे. सेराने शंभरावे प्रकाशन काढून 1995 च्या ऑगस्टमध्ये ठरवून, गाजावाजा करून आपले दुकान बंद केले. पुढे तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले, माहितीपट निघाला, आणि एकेकाळी हेटाळणी झालेल्या त्या छोट्या तबकड्या लोक शोधून शोधून विकत घेऊ लागले. गाणी तीच होती.

परंतु काळ सर्वांनाच असा न्याय देत नाही. काळाकडून न्यायाची वाट पाहणे हे ज्याचे पोट त्या कलेवर चालत नाही त्यालाच परवडते. अमेरिकेत 'पिचफोर्क' नावाचे समीक्षेचे एक नियतकालिक या शतकाच्या आरंभी फार वजनदार झाले. प्रत्येक अल्बमला शून्य ते दहा यांमधील गुण, तेही दशांश चिन्हासह, देण्याची त्याची पद्धत होती. सहा पूर्णांक तीन आणि सहा पूर्णांक चार यांत कोणता फरक कानाला जाणवतो, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. 2004 साली ट्रॅव्हिस मॉरिसन या वॉशिंग्टनच्या गायकाच्या 'ट्रॅव्हिस्टॅन' या अल्बमला पिचफोर्कने शून्य पूर्णांक शून्य गुण दिले. त्या परीक्षणानंतर श्रोत्यांची आपल्याकडे पाहण्याची दृष्टी अक्षरशः एका रात्रीत बदलली, असे पुढे त्याने सांगितले आहे. अल्बम थोर होता असा माझा दावा नाही. तो फसला असेलही. पण ज्यांनी तो कानांनी ऐकलाच नाही त्यांनीही तो नाकारला. त्यांनी गाणे पाहिले नाही, आकडा पाहिला.

लिझ फेअर या गायिकेची हकीकत अधिक बोलकी आहे. 1993 साली तिच्या पहिल्या अल्बमने तिला स्वतंत्र संगीताच्या जगात मानाचे स्थान मिळवून दिले. 2003 साली तिने व्यावसायिक गीतकारांच्या साहाय्याने सर्वसामान्य श्रोत्यांना रुचेल असा अल्बम केला, आणि त्यालाही तेच शून्य मिळाले. तो गुण देणाऱ्या समीक्षकाने 2019 साली जाहीरपणे तिची क्षमा मागितली. पुढे 2021 साली त्याच नियतकालिकाने आपले काही जुने निवाडे तपासून पाहिले, तेव्हा तिच्या शून्याचे सहा झाले. समीक्षकाने चूक कबूल करावी यात मोठेपणा आहे खराच. परंतु मधल्या अठरा वर्षांचे काय? आणि आणखी एक प्रश्न उरतोच: 2003 मध्ये त्या अल्बमवर रागावलेल्यांचा राग गाण्यांवर होता, की 'आमची' गायिका 'त्यांची' झाली यावर?

येथे रसिकप्रेमाची एक काळी बाजू दिसते. आपण ज्याला प्रथम ओळखले, ज्याच्या पाठीशी तो अप्रसिद्ध असताना उभे राहिलो, त्याच्यावर आपली मालकी आहे असे आपल्याला वाटू लागते. ग्लासगोचा 'बेल अँड सेबॅस्टियन' हा वाद्यवृंद याचे चांगले उदाहरण आहे. त्याचा प्रमुख स्टुअर्ट मर्डॉक हा दीर्घ आजारातून उठलेला तरुण. एका चर्चच्या सभागृहाची देखभाल करीत तो तेथेच राहत असे. त्यांचा पहिला अल्बम 'टायगरमिल्क' 1996 साली निघाला तो एका महाविद्यालयातील संगीत-व्यवसायाच्या विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून, आणि त्याच्या फक्त एक हजार प्रती काढल्या गेल्या. बाकीच्यांनी तो ऐकला तो एकमेकांसाठी उतरवून दिलेल्या कॅसेटींवरून. ज्याने अशी कॅसेट मित्रासाठी स्वतः उतरवली, त्याला ती गाणी आपली वाटली तर नवल नाही. 2003 साली याच मंडळींनी ट्रेव्हर हॉर्न या नामांकित निर्मात्याकडून झगझगीत, भरगच्च आवाजाचा अल्बम करून घेतला, तेव्हा काही जुन्या चाहत्यांना तो विश्वासघात वाटला. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. मित्राने जन्मभर आजारी आणि गरीबच राहावे, कारण त्या अवस्थेत तो आपल्याला अधिक जवळचा वाटतो, ही अपेक्षा मैत्रीची खासच नव्हे.

मग काय, रसिकाने गप्प बसावे? मुळीच नाही. नुसत्या सौजन्याने केलेली स्तुती हीदेखील एक फसवणूक आहे, आणि लहान वर्तुळात तिचा मोह फार असतो. गायक ओळखीचा, वितरक मित्र, कार्यक्रमाला आलेले चाळीस जण एकमेकांना नावाने हाक मारणारे. तेथे 'यावेळी गाणी कच्ची राहिली' असे म्हणणे जड जाते. (आपल्या धर्मग्रामात एखाद्या गृहस्थाने नवे गीत रचून गायकवृंदाला शिकविले म्हणजे त्याला काय सांगितले जाते, ते वाचक जाणतात.) अशी खोटी स्तुती ऐकणाऱ्याचे पैसे घालवते आणि गाणाऱ्याला एकटे पाडते, कारण त्याचे खरोखर कोण ऐकते आहे, हे त्याला कळेनासे होते.

तेव्हा प्रश्न बोलावे की बोलू नये हा नाही. आपल्याला बोलण्याचा अधिकार कधी येतो, हा आहे. डेव्हिड ह्यूम याने 1757 च्या आपल्या रुचिविषयक निबंधात डॉन किहोतेच्या कथेतील एक प्रसंग घेतला आहे. सँचोच्या दोघा नातलगांना एका पिंपातील मद्य चाखायला देतात. एक म्हणतो, मद्य उत्तम, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली एक किल्ली सापडते. ह्यूमला यातून रुचीची सूक्ष्मता दाखवायची होती. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दोघांनी पिंपाला गुण दिले नाहीत. आपल्या जिभेला काय जाणवले एवढेच त्यांनी नेमके सांगितले, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे पुढे पडताळता आले. ते साक्षीदार होते, न्यायाधीश नव्हते.

साक्षीदाराने आधी हजर असायला हवे, ही अट मात्र टळत नाही. एकदा ऐकणे म्हणजे हजर असणे आहे काय? यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स याने 1968 साली दाखवून दिले की, एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ त्या परिचयानेच ती आवडू लागते. तसे असेल तर दहाव्या ऐकण्यात आवडलेला अल्बम खरोखर चांगला असतो, की आपल्याला त्याची नुसती सवय झालेली असते? पूर्वी खिशातले मोजके पैसे घालून तबकडी घेणारा तरुण ती आवडेपर्यंत वाजवीतच राही. त्यात संयम किती आणि पैसे वाया गेल्याचे दुःख टाळणे किती, हे त्यालाही सांगता आले नसते.

या आक्षेपाला एका प्रयोगाने फार सुंदर उत्तर दिले आहे. 2013 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ ईस्थेटिक्स'मध्ये काही तत्त्वज्ञांचा एक शोधनिबंध आला. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन चित्रकारांची चित्रे वारंवार दाखविली: एक एकोणिसाव्या शतकातला मान्यवर इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिले, आणि दुसरा बाजारात अफाट खपणारा अमेरिकन चित्रकार टॉमस किंकेड. परिचयाने सारेच आवडू लागते असे असते तर दोघांनाही सारखाच लाभ व्हायला हवा होता. परंतु किंकेडची चित्रे जितकी अधिक दिसली तितकी ती कमी आवडू लागली. म्हणजे वारंवार पाहण्याने डोळे मिटत नाहीत, उघडतातही. चित्रांच्या बाबतीत जे घडले तेच कानांच्याही बाबतीत घडत असावे असे मला वाटते. जो पुन्हापुन्हा ऐकतो तो अल्बमवर उपकार करीत नाही, त्याची परीक्षाच अधिक कडक करतो. आपल्याकडील अभिनवगुप्ताची परंपरा ज्याला 'सहृदय' म्हणते, तो सारे गोड मानून घेणारा भोळा श्रोता नाहीच. काव्याच्या सततच्या सहवासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, तो सहृदय. स्वच्छ आरशात डागही दिसतात.

एक अडचण मात्र राहते, आणि ती मला सोडवता आलेली नाही. कलाकार स्वतःच आपल्या कृतीविषयी प्रतिकूल बोलत असेल तर श्रोत्याने कोणाचे मानावे? बेल अँड सेबॅस्टियनचा 1996 सालचा दुसरा अल्बम 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' हा चाहत्यांना सर्वांत प्रिय. पण त्याच्या ध्वनिमुद्रणावर मंडळी स्वतः समाधानी नव्हती. आवाज पातळ राहिला, असे त्यांना वाटे. 2005 च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात त्यांनी तो सबंध अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा वाजवला, या वेळी भरल्या आवाजात, आणि ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्याचे उत्पन्न त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये काश्मीर व उत्तर पाकिस्तानात झालेल्या भीषण भूकंपाच्या मदतनिधीला गेले. नवे ध्वनिमुद्रण अधिक निर्दोष आहे, हे ऐकणाऱ्याला सहज पटते. तरीही पुष्कळ जुने श्रोते आजही त्या पातळ आवाजाच्या पहिल्या मुद्रणाकडेच वळतात. नऊ वर्षांच्या ऐकण्याने त्यांना त्यात जे सापडले होते, ते गाणाऱ्यांनाच ऐकू आलेले नव्हते.