वेलाला मेढ, मेढीला माती

सज्जनगड मागं टाकून ठोसेघरच्या वाटेनं वर चढत गेलं की सडा, म्हणजे खडकाळ पठार, सुरू होतो. त्या सड्याच्या कडेला आमचं घर आहे. परसात उभं राहिलं की चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. जिथं पवनचक्क्या उभारल्या जातात, तिथल्या वाऱ्याबद्दल वेगळं काय सांगायचं? मृगाचा पाऊस लागला की पश्चिमेचा वारा घाटमाथा चढून येतो आणि श्रावण सरेपर्यंत उसंत देत नाही. अशा जागी आम्ही पिढ्यानपिढ्या वाल लावत आलो आहोत, आणि वालाच्या वेलाला तर आधाराशिवाय उभंच राहता येत नाही.

माझी लेक पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. दिवाळीच्या सुट्टीत मी संध्याकाळी मनाचे श्लोक म्हणत होते, तेव्हा ती म्हणाली, "आई, खरं सांगू? श्रद्धा म्हणजे कुबडी आहे. माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहावं." तिनं हे टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. तिला ते मनापासून वाटतं, आणि प्रश्न खरा आहे म्हणून मलाही त्याचं उत्तर खरंच द्यायचं आहे. देवाचा आधार घेणं ही दुर्बळाची खूण आहे का? या प्रश्नावर माझं जे काही विचारमंथन झालं, ते वालाचा मांडव बांधता बांधता झालं. म्हणून आधी मांडवाबद्दल सांगते.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, एक नियम कधी मोडू देत नाहीत. "आधी मेढ, मागनं बी." मेढ म्हणजे मांडवाचा खांब. वेल उगवून आल्यावर शेजारी पहार मारली तर मुळं तुटतात, हे या नियमाचं साधं कारण. लग्नाच्या मांडवाचीही पहिली मेढ मुहूर्त बघून, हळदकुंकू वाहून रोवतात आणि मगच बाकीचं कार्य सुरू होतं. जो चढणार आहे तो येण्याआधी आधार तयार असला पाहिजे, ही जाण आमच्या रीतीभातीतच मुरलेली आहे.

बांबू आधीच्या हिवाळ्यात तोडून ठेवलेले असतात, तेही वद्य पक्षात, म्हणजे भुंगा लागत नाही असं आत्याबाई सांगतात. पक्षाचं मला ठाऊक नाही, पण पावसाळा सरल्यावर बांबूतलं पिष्ट कमी होतं आणि भुंग्याला हवं असतं ते पिष्टच. नऊ फुटांचा बांबू घ्यायचा, त्यातला दोन फूट जमिनीत जाणार. जमिनीत जाणारं टोक चुलीच्या आरावर काळं होईपर्यंत फिरवून भाजायचं, म्हणजे वाळवी आणि कूज दोन्ही लांबतात अशी आमच्याकडची समजूत आहे. सड्यावर माती हातभर, तिच्याखाली मुरूम, काही ठिकाणी थेट जांभा. खड्डा खणायला अर्धा दिवस गेला तरी चालेल, पण तो दोन फुटांपेक्षा उथळ राहता कामा नये. मेढ उभी केली की भोवती दगड आणि मुरूम थराथरानं टाकून पहारीच्या बुडानं ठासायचा. नुसती माती लोटली तर पहिल्याच झडीत ती भिजून ढिली होते.

मेढी सरळ उभ्या करायच्या नाहीत. समोरासमोर दोन ओळी, बुडाशी तीन फुटांचं अंतर, आणि शेंडे एकमेकांकडे कलवून वर कात्री करायची. त्या कात्रीत लांब आडवा बांबू घालायचा आणि काथ्यानं आवळून बांधायचं. चार काठ्यांचा चौकोन वाऱ्यानं सहज तिरका होतो. त्रिकोणाचं तसं होत नाही. बांध सुटला किंवा काठी मोडली तरच तो हलतो. दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूनं तणावे ओढून खुंट्यांना बांधायचे. कोपऱ्याच्या मेढी जाड असतात, त्या वेलाच्या कवेत मावत नाहीत, म्हणून मधेमधे बोटाएवढ्या कामट्या आणि सुतळ्या सोडायच्या.

ओळी पूर्व-पश्चिम धरायच्या, वाऱ्याच्या वाटेला समांतर. आडव्या धरल्या तर पानांनी भरलेला मांडव शिडासारखा फुगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हा हिशेब माझ्या लेकीनंच मला समजावून दिला. पश्चिमेच्या बांधाला निर्गुडी आहे. तिथं दगडी भिंत का घातली नाही, असं पाहुणे विचारतात. भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन खाली आदळतो. निर्गुडीतून तो गाळून येतो, त्याचा जोर मोडतो. वेल थोडा हलला पाहिजेच. हलत्या हवेत वाढलेलं खोड जरा आखूड पण जाड होतं, हे वनस्पतिशास्त्रानं तपासून पाहिलेलं आहे.

एवढं सगळं केल्यावर मांडव वेलाला वर नेतो का? मुळीच नाही. आषाढात कधी शेंड्यापाशी निवांत बसून पाहावं. कोवळा शेंडा हवेत हळूहळू फेर धरतो, जणू काही चाचपतो आहे. चार्ल्स डार्विननं 1865 साली चढणाऱ्या वेलींवर मोठा प्रबंध लिहिला, त्यात अशा फेऱ्यांच्या वेळा नोंदवल्या आहेत. घेवड्याच्या एका फेऱ्याला त्याच्या नोंदीत साधारण दोन तास लागतात. फेऱ्यात कामटी लागली की शेंडा तिच्याभोवती वळतो आणि वर सरकतो. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं तो वळसे घेतो. आपण घाई करून त्याला दुसऱ्या बाजूनं गुंडाळलं तर तो सुटतो आणि स्वतःच्या दिशेनं पुन्हा वळतो. काठी त्याला ओढत नाही, उचलत नाही. ती फक्त जागेवर उभी असते. चढण्याची सगळी मेहनत वेलाची.

म्हणून "आधार घेतला म्हणजे प्रयत्न सोडला" हे मला पटत नाही. आमच्या सज्जनगडावर समर्थ रामदासांची कुबडी जपून ठेवलेली आहे, जपाला बसताना हात टेकायची. ज्या माणसानं ती वापरली त्यानं गावोगाव मारुती स्थापून तरुणांना बलोपासनेला लावलं. दासबोधात प्रयत्नाची थोरवी पानोपानी आहे, आळशी माणसाला त्यांनी जितकं झाडलं तितकं क्वचितच कुणी झाडलं असेल. त्याच समर्थांनी करुणाष्टकं लिहिली, आणि त्यांत ते रामापुढे अगदी अनाथ लेकरासारखे उभे आहेत. काहींना ही विसंगती वाटते. मला वाटत नाही. चाचपणारा शेंडा आणि उभी काठी यांतलं एक निवडा, असं वेलाला सांगता येईल का?

पण लेकीचा खरा प्रश्न यापुढे आहे. वेलाला मेढ, ठीक. मेढीला कोण? देवानं जग धरलं म्हणता, मग देवाला कुणी धरलं?

हा प्रश्न नवा नाही आणि उद्धटही नाही. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गीनं तो विचारला आहे. पाणी कशात गुंफलेलं आहे? वायूत. वायू कशात? अंतरिक्षात. अशी एकेक पायरी चढत ती ब्रह्मलोकापर्यंत पोचते आणि ते कशात, असं विचारते. तेव्हा याज्ञवल्क्य तिला थांबवतात: फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी त्या वेळी गप्प होते, पण हार मानत नाही. थोड्या वेळानं सभेची परवानगी घेऊन ती पुन्हा उठते, दोन बाणांसारखे दोन प्रश्न घेऊन. या वेळी तिला उत्तर मिळतं: अक्षर. ते स्थूल नाही, सूक्ष्म नाही, आखूड नाही, लांब नाही; त्याच्या आज्ञेत सूर्य-चंद्र आणि आकाश-पृथ्वी आपापल्या जागी धरलेले आहेत.

हे उत्तर पुष्कळ दिवस मला कोरडं वाटायचं. ज्याला रंग नाही, रूप नाही, ज्याच्याबद्दल "नाही, नाही" एवढंच सांगता येतं, त्याला माझ्यासारखीनं धरायचं तरी कसं? मांडवाखाली काम करताना मला याचा उलगडा झाला. जमीन हा सगळ्यांचा शेवटचा आधार. वेल जमिनीतूनच उगवतो, आधार न मिळालेला वेलही तिच्यावरच पसरतो. पण जमिनीला वळसा घालता येत नाही. तिच्यावर पसरलेल्या वेलाची फुलं चिखलात गळतात आणि शेंगा कुजतात. जमिनीचा आधार वर चढण्याच्या कामी यायचा असेल तर तिच्यात रोवलेलं, वेलाच्या कवेत मावेल असं काहीतरी लागतं.

सगुण आणि निर्गुण यांचं नातं मी असं समजते. निर्गुण ही माती. नाम, मूर्ती, पोथी, संतांचा शब्द या तिच्यात रोवलेल्या मेढी. कुणी म्हणेल, मेढ म्हणजे देव नव्हे. बरोबर आहे. पण मेढीची ताकद मेढीतली नसतेच, ती दोन फूट खालून येते. समर्थांच्या रामाला मिठी मारणारा रामातून त्याच अक्षराला धरत असतो, त्याला ते सांगता येवो अथवा न येवो.

यातूनच खोटा आधार ओळखायची कसोटीही मिळते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. बुवाबाजीविरुद्ध त्यांनी आयुष्य वेचलं आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. मी पूजा करणारी बाई आहे, तरी त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, कारण बूड न रोवलेल्या मेढी त्यांनी लोकांना हलवून दाखवल्या. जो बुवा म्हणतो "तू काही करू नकोस, मी तुला वर नेतो", तो वेलाला उपटून हातात धरतो. जो म्हणतो "प्रश्न विचारू नकोस", त्याच्या बुडाशी ठासलेला मुरूम नसतो, म्हणून तो हलवून बघू देत नाही. गार्गीला एकदा थांबवणाऱ्या याज्ञवल्क्यांनी दुसऱ्यांदा पूर्ण उत्तर दिलं, हे मला त्यांचं थोरपण वाटतं. भक्कम मेढीला धक्का देऊन पाहण्याची भीती नसते. आम्ही तर बी टोकण्याआधी प्रत्येक मेढ दोन्ही हातांनी धरून मुद्दाम हलवतो.

माझी लेक देव मानत नाही. पण खोटं बोलायचं नाही, कुणाचं लुबाडायचं नाही, आजाऱ्याला टाकून जायचं नाही, हे ती मानते आणि संकटातही सोडत नाही. तिची मेढ तिनं निवडली आहे. ती माझ्यासारखी नाही म्हणून मी ती उपटायला जाणार नाही. मी तिला इतकंच विचारते, की ही मेढ कशात रोवली आहेस? सत्य का बोलायचं, याचं उत्तर फायद्यात असेल तर फायदा बदलला की ते ढिलं होईल. ते अधिक खोल असेल, फायदा-तोटा, मी-तू यांच्या खाली कुठं तरी असेल, तर मी ज्याला अक्षर म्हणते त्याच्याच जवळपास ती पोचली आहे, असं मी समजेन. मग नावावरून आमचं भांडण नाही.

कुबडी आणि मेढ यांत फरक आहे, एवढं मात्र तिनं ध्यानात घ्यावं. चालायची कुबडी अपंगत्व आलं म्हणून घेतात, ते गेलं की टाकतात. वालाच्या खोडात काही व्यंग नसतं. आधार घेऊन चढणं हाच त्याचा धर्म, आणि माणसाचाही तोच आहे असं मला वाटतं. आईच्या बोटाला धरून, भाषेला धरून, आधीच्यांनी रोवून ठेवलेल्या शहाणपणाला धरूनच आपण सगळे उभे राहिलो. तेव्हा आधार घ्यावा, लाज न बाळगता घ्यावा; पण तो पाऊस लागण्याआधी हलवून बघावा, आणि आपल्यामागून जे चढणार आहेत त्यांच्यासाठी एखादी मेढ दोन फूट खोल रोवून ठेवावी.