चेंबरमधली हवा

थोडं थांबा.

श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

आता एक खोली डोळ्यांसमोर आणा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. बाहेर मे महिन्याचं ऊन. व्हरांड्यात हातात केसपेपर घेऊन बसलेली माणसं. आत एक्स-रेची खोली.

या घटकेला तिथे पेशंट नाही. माणूस निजतो त्या टेबलावर किरण मोजणारं एक लहानसं चेंबर ठेवलंय. वरच्या ट्यूबपासून बरोबर एक मीटरवर. टेप लावून अंतर पुन्हा एकदा पाहिलं जातं.

त्या चेंबरकडे बघत राहा.

त्याच्या आत काय आहे? हवा. नुसती हवा.

ती कोंडलेली नाही. अशा चेंबरला बारीक छिद्र असतं, खोलीतली हवा तिथून ये-जा करते. व्हरांड्यात टेकून बसलेल्या आजींच्या छातीत जी हवा आहे, तीच इथेही आहे.

श्वास घ्या. सोडा.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचावर. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, उन्हाळ्यात आणखी विरळ. चेंबरच्या पोकळीत ती कमी मावते आणि आकडा कमी भरतो. म्हणून मोजणारा तापमान बघतो, हवेचा दाब बघतो, मगच आकडा दुरुस्त करून लिहितो. मला हे फार मोलाचं वाटतं. किरण मोजायचे तर आधी हवेची विचारपूस करावी लागते.

दार लागतं. शिशाच्या काचेआडून बटण दाबलं जातं.

क्षणभर गुणगुण. संपलं.

काही दिसलं नाही. वास नाही, ऊब नाही. पण चेंबरमध्ये हवेच्या काही रेणूंतून इलेक्ट्रॉन निसटले, विद्युतभार सुटला आणि तेवढाच वेचला गेला. मीटरवर आकडा उमटतो, मिलिग्रेमध्ये.

तसेच बसून राहा.

पुन्हा बटण. तोच आकडा येतो का?

पुन्हा. तोच?

यंत्रावर ८० किलोव्होल्ट लावलेत, ते खरोखर ८० आहेत का?

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार ही तपासणी दर दोन वर्षांनी तरी करावीच लागते.

काचेआडच्या टेक्निशियनच्या छातीवर त्याला लागलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज आहे. त्याच्यासाठी किरणांची मर्यादा ठरलेली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. पेशंटसाठी अशी मर्यादा कुठेच नाही. त्याला गरज असेल तेवढे किरण, बस्स.

इथे थोडं रेंगाळा.

पेशंटची राखण करायला दोनच गोष्टी आहेत. डॉक्टरांचा निर्णय, आणि हा नीट मोजलेला आकडा.

आता चेंबर उचललं गेलंय. त्या जागी सिल्लोडहून आलेला माणूस आहे. "श्वास घ्या... रोखा."

तुम्हीही रोखा.

"सोडा."

छातीचा एक फोटो झाला. त्यात साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट. मातीतून, आकाशातून काही दिवसांत एरवीही तेवढे मिळतातच. भीती बाळगू नका. सीटी स्कॅनमध्ये मात्र याच्या कित्येक पटींनी असतात, म्हणून तिथे विचारायला संकोच नको.

तुमच्या कपाटावर, मोठ्या पाकिटात, एखादी जुनी फिल्म असेल. ती आठवा. पुढच्या खेपेला ती सोबत न्या, डॉक्टरांसमोर ठेवा आणि शांतपणे विचारा: नवा फोटो लागेलच का?