कोठार आणि कुसू

धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने मोजली आहेत. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा यांच्यापाशी रोज नकळत बारीकसारीक जीव मरतात, म्हणून या पाचांना मिळून ‘पंचसूना’ असे नाव आहे, आणि तो दोष फिटावा यासाठी ऋषी, देव, पितर, भूतमात्र व अतिथी यांना उद्देशून रोज पाच महायज्ञ करावेत, असे मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो. या हिशेबातील बारकावा नजरेत भरतो. त्याहून अधिक नजरेत भरते ते त्यात नसलेले अवजार. नांगर या यादीत नाही. त्याचा विचार त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात येतो, आणि तोही ब्राह्मण-क्षत्रियांनी शेती शक्यतो टाळावी, कारण लोखंडी तोंडाचे लाकूड भूमीला आणि तिच्या पोटातील जीवांना मारते, हे सांगण्यापुरताच. म्हणजे केरसुणीखाली मेलेली मुंगी खाणाऱ्याच्या खात्यावर, नांगराखाली मेलेला किडा नांगर धरणाऱ्याच्या खात्यावर, आणि भाकरी मात्र दोघांच्याही ताटात. जैन आचारशास्त्रातही जमीन फोडण्याचा धंदा श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत मोडतो. तरीही कोल्हापूर-सांगलीकडचा जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरत आला, हे शास्त्रापेक्षा पोट वडीलधारे असल्याचेच लक्षण म्हणावे लागेल.

ऋणाची कल्पना ही उणीव काही अंशी भरून काढू शकली असती. ब्राह्मण जन्माला येतो तो ऋषी, देव आणि पितर यांचे देणे डोक्यावर घेऊनच, असे तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथ्या, मनुष्यऋणाची भर घातली आहे, जे दुसऱ्याला आसरा आणि अन्न दिल्याने फिटते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्र, म्हणजे कर्मापासून यज्ञ, यज्ञापासून पाऊस, पावसापासून अन्न आणि अन्नापासून प्राणी अशी एकात एक गुंतलेली साखळी, हाच विचार विश्वापर्यंत नेते आणि केवळ स्वतःपुरते शिजवणाऱ्याला पापाचा धनी ठरवते. तथापि या सर्व मांडणीत ऋणको जितका स्पष्ट आहे तितका धनको नाही. देव आहेत, पितर आहेत, दारी आलेला पाहुणा आहे. ज्याच्या रानातून दाणा आला तो कुणबी आणि ज्याच्या हातांनी तो काढला तो मजूर कोणत्याही यज्ञाची देवता झाला नाही. म्हणून आज स्थानिक शेतकऱ्याकडून अन्न घ्यावे, गावच्या लहान उद्योगांना उचलून धरावे असे जे सांगितले जाते, त्यामागचा मूळ प्रश्न धर्मविचाराला आपला म्हणून सोडवावा लागतो : खाणाऱ्यावर पिकवणाऱ्याचे ऋण आहे काय, असल्यास ते जवळच्याचे अधिक आहे काय, आणि दाम मोजले की ते फिटते काय?

जवळच्याला अग्रक्रम का द्यावा, याचे आधुनिक भारतातील सर्वांत ठाम उत्तर गांधीजींचे आहे. १९१६ च्या फेब्रुवारीत मद्रासमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या परिषदेपुढे बोलताना त्यांनी स्वदेशीची व्याख्या निव्वळ अर्थकारणापुरती ठेवली नाही; लांबच्याला वगळून लगतच्या परिसराचा उपयोग आणि सेवा करण्याची वृत्ती, असा तिचा अर्थ लावून तो त्यांनी धर्म, राजकारण आणि अर्थव्यवहार या तिन्हींना लावला. यामागचा तर्क माणसाच्या शक्तीच्या मर्यादेतून निघतो. साऱ्या जगाची सेवा करू म्हणणाऱ्याच्या हातून बहुधा कोणाचीच होत नाही, आणि शेजाऱ्याची निखळ सेवा केली तर त्यात दूरच्याचे अहित असू शकत नाही, अशी त्यांची धारणा होती. परदेशी वस्तू केवळ परदेशी म्हणून टाकणे हा मूर्खपणा आहे आणि स्वदेशीचाही देव्हारा माजवता येतो, असा इशाराही त्यांनीच पुढे आश्रमातील व्रतांविषयी लिहिताना दिला होता. पण अनुयायांच्या गर्दीत इशारे पोचत नाहीत.

या विचाराला उत्तरदायित्वाची धार दिली ती जे. सी. कुमारप्पा यांनी. हिशेबतपासनीस असलेला हा ख्रिस्ती अर्थचिंतक १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार वर्ध्याच्या मगनवाडीतून पाहत असे. कोकोचा एक डबा विकत घेणारा माणूस त्या कोकोच्या मळ्यावरील वेठबिगारीत आणि तो वाहून आणणाऱ्या मार्गांवरील बळजोरीतही वाटेकरी होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. पैसा हातोहात फिरताना वस्तूवरील रक्त आणि घाम पुसून टाकतो. म्हणून ज्याच्या उत्पादनाची परिस्थिती डोळ्यांनी पाहता येईल असेच अन्न-वस्त्र घ्यावे. येथे जवळीक हा सद्गुण राहत नाही, ती पडताळणीची सोय ठरते, आणि स्थानिकतेचे समर्थन करायचे तर ते याच पायावर टिकू शकते. आपल्या मातीतले म्हणून शुद्ध, आपल्या माणसाचे म्हणून चांगले, हा पाया भावनेला गोड वाटला तरी त्यात सोवळ्याचा वास येतो.

जवळून पाहिले म्हणजे न्याय होतोच असे मात्र नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याला स्थानिक संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाची गुहा ठरवले, तेव्हा ते कोणत्याही पुस्तकी सिद्धान्ताने बोलत नव्हते. बलुतेदारी, म्हणजे सुतार, लोहार, चांभार, महार इत्यादींनी वर्षभर गावाची कामे करायची आणि सुगीत खळ्यावर धान्याचा ठरीव वाटा घ्यायचा ही पद्धत, आजच्या परिभाषेत पूर्णपणे स्थानिक अन्नव्यवस्थाच होती. तिच्यात वाहतूक नव्हती, दलाल नव्हता, पिकवणारा आणि खाणारा एकमेकांना नावानिशी ओळखत होते; आणि त्या ओळखीतच महारवाड्याची जागा ठरलेली होती. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या बंधनाविरुद्ध विधेयक आणले ते याच जवळिकीतून माणसाला सोडवण्यासाठी. त्याआधी १९१८ च्या आपल्या निबंधात त्यांनी लहान धारणक्षेत्राच्या रोगाचे मूळ जमिनीच्या तुकड्यात शोधले नव्हते. शेतीवर विसंबून असलेल्या जादा माणसांत आणि भांडवलाच्या तुटवड्यात ते शोधले होते. २०१५–१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या रानावर कुटुंब जगते ते बहुधा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाऊन, हे ध्यानात घेतले म्हणजे कुटुंबशेतीचे काव्यमय वर्णन करणाऱ्यांचा उत्साह थोडा आवरता येतो.

गांधी आणि आंबेडकर यांच्यातील हा वाद सोलापूर जिल्ह्यातील एका गावात शतकांपूर्वीच कथारूपाने मांडला गेला आहे. मंगळवेढा हे दामाजीपंतांचे गाव. बिदरच्या बहामनी सुलतानाच्या वतीने तेथील कारभार पाहणाऱ्या या अंमलदाराने पंधराव्या शतकातील दुष्काळात सरकारी अंबारखाना लुटवला, त्याला पकडून नेत असताना विठोबाने विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची किंमत चुकती केली, अशी ही कथा महिपतीने १७६२ च्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे. कीर्तनात ती दयेची कथा म्हणून रंगते. पण तिच्यातील खरा विचार दयेच्या पुढचा आहे. सर्वसमर्थ देवाला सुलतानाचे मन पालटणे किंवा रिकामी कोठारे भरून दाखवणे अवघड नव्हते. तरी कथेतील देव मोहरा मोजतो आणि पावती घेतो. वाटलेले धान्य दामाजीचे नव्हते, ते रयतेच्या सारा-वसुलीचे होते, आणि भुकेल्याच्या पोटात गेले तरी त्याचे देणे शिल्लकच होते. कोणी तरी किंमत मोजल्याखेरीज दया पुरी होत नाही, ही जाण ज्या लोकमानसाने कथेत ठेवली ते हिशेबाला पक्के होते. देवाने रूपही घेतले ते कामाला साजेसे, कारण गावचा वसूल खजिन्यापर्यंत पोचवणे हा महारकीच्या वतनातील कामाचाच भाग होता.

याच मंगळवेढ्यात त्याआधी, परंपरेने दिलेल्या सालानुसार १३३८ मध्ये, गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून इतर मजुरांबरोबर चोखामेळा गाडला गेला. ज्या कुसवाच्या बाहेर त्याला राहावे लागे तेच बांधताना त्याचा जीव गेला. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला १९४८ चा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत चोखामेळा आहे. कोठार उघडणारे गाव आणि कुसू चिणणारे गाव अशी ही दोन गावे नाहीत. स्थानिक अन्नाचा कोणताही धर्मविचार या दोहोंना एकत्र धरणार नसेल, तर तो दामाजीची पालखी काढील आणि भिंतीखालच्या माणसाला विसरेल.

आजचे मंगळवेढे ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या गुणांमुळे मालाला त्या प्रदेशाचे नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळालेले आहे. बाजारात मंगळवेढ्याच्या नावाने खपणारी सगळी ज्वारी खरोखर तिथली असती तर तालुक्याची शीव पुण्यापर्यंत सरकवावी लागली असती, हे अलाहिदा. परतीच्या पावसाच्या ओलीवर काळ्या, खोल रानात पेरलेले हे रब्बीचे पीक पुढे बहुतेक जमिनीतल्या ओलाव्यावर आणि थंडीवरच वाढते. उसाशी तुलना करता ते पाणी जवळजवळ मागत नाही, आणि दाण्याइतकाच त्याचा कडबा जनावरांना लागतो. अशा पिकाला टिकाऊ शेती म्हणायला कोणाची हरकत नसावी. पण काढणीच्या दिवसांत त्या रानात उभे राहिले की टिकाऊपणाची दुसरी बाजू दिसते. ताटे विळ्याने कापण्याऐवजी मुळासकट हाताने उपटतात, कोरडी काळी जमीन मूठ सोडत नाही, पात्यांनी हात चिरतात, तळव्यांना फोड येतात, आणि पुढे कणसे मोडायला, पेंढ्या बांधायला दिवसभर ओणवे राहावे लागते. हे काम करायला माणूस मिळत नाही, अशी तक्रार बागाईतदार आणि जिराईतदार दोघेही करतात. मिळणाऱ्या मजुरीत हे काम माणसाने का करावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मानांकनाच्या कागदपत्रांत माती, बियाणे, दाण्याचा रंग आणि चव यांचे वर्णन असते; काढणीच्या रोजाला तेथे जागा नाही.

दाम मोजले की ऋण फिटते काय, या प्रश्नाला शरद जोशींनी दिलेले उत्तर येथे आठवते. १९८० च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटनेने मांडलेली भूमिका अशी की शेतकऱ्याला कोणाचा कळवळा नको, घामाचे दाम हवे. त्याचे दारिद्र्य हे लुटीचे फलित आहे आणि लूट थांबली की दान लागत नाही. धर्मविचाराला हे रोखठोक बोलणे कोरडे वाटेल, पण ते दामाजीच्या कथेतील पावतीच्याच जातीचे आहे. फरक एवढाच की बाजारात ठरलेला भाव हा पूर्ण भाव असतोच असे नाही. त्यात जमिनीच्या सुपीकतेची झीज धरलेली नसते, घरच्या बाईचे राबणे धरलेले नसते, आणि मजुराचा रोज शेवटी जे उरेल त्यातून काढला जातो. म्हणून आडत्याला टाळून थेट शेतकऱ्याकडून धान्य घेणारा शहरी ग्राहक निम्मेच ऋण फेडतो. वाचलेली आडत आणि हमाली शेतकरी व ग्राहक यांच्यात वाटली गेली आणि उपटणाऱ्याच्या हातापर्यंत काहीच पोचले नाही, तर ती देवघेव स्थानिक असेल, धर्म्य नव्हे. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणाऱ्या बायकांचे उद्योग या दृष्टीने अधिक आश्वासक आहेत, कारण त्यांत निदान भाकरी थापण्याच्या श्रमाला, जो घरात फुकट धरला जातो, नगांवर मोजलेला भाव येतो.

उरतो तो सर्वांत अडचणीचा प्रश्न. पूर्ण दाम मोजण्याचे ऋण प्रत्येक खाणाऱ्यावर सारखे टाकले तर ते ज्यांना पेलणार नाही अशांची संख्या मोठी आहे, आणि त्यांत ज्वारी उपटणारा मजूर स्वतः येतो, ज्याच्या घरी आता बहुधा रेशनचा गहू-तांदूळ शिजतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलो या दराने देण्याची हमी दिली, आणि २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. या धान्याने अनेकांची भूक भागवली, हे निःसंशय. त्याच धान्याने जिराईत ज्वारीचे घरचे गिऱ्हाईक कमी केले, हेही तितकेच खरे. येथे गरीब माणसाला स्थानिक खाण्याचा उपदेश करणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. ज्याची ऐपत नाही त्याच्या वतीने पैसे मोजून पावती घेणे हे कथेत देवाचे काम होते, आणि लोकशाहीत ते सरकारी खरेदीचे आहे. कर्नाटकाने हमीभावाने घेतलेली नाचणी आणि ज्वारी आपल्या रेशनमध्ये आणून हे करता येते, हे दाखवले आहे. केंद्र सरकार मालदांडीचा हमीभाव वेगळा जाहीर करते. २०२४–२५ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये होते आणि मालदांडीला ३,४२१. हाताने उपटायच्या, कमी उताऱ्याच्या, पाणी न मागणाऱ्या पिकाचे मोल पन्नास रुपयांनी जास्त धरणारा हा हिशेब कोणी आणि कशाच्या आधारे केला, हे महाराष्ट्राने आपल्या रेशनसाठी ज्वारी मनावर घेतली तर पहिल्यांदा विचारावे लागेल.