सही कुणाची

होल्मडेल हे न्यू जर्सीतलं एक आटोपशीर गाव. तिथे काचेची एक अवाढव्य इमारत आहे. ईरो सारिननने आखलेली, १९६२ साली वापरात आलेली आणि पुढची चाळीसएक वर्षं बेल लॅब्सची. आता तिचं नाव बेल वर्क्स. खालच्या मजल्यावर कॉफीची दुकानं, वाचनालय, धावणारी मुलं. वर भाड्याच्या कचेऱ्या. आवारातली पाण्याची टाकी मात्र अजून ट्रान्झिस्टरच्या आकाराची.

पुढचं बोलणं तिथे झालं असं समजावं. ते कल्पित आहे, पण अशी दोन माणसं एडिसन गावातल्या कुठल्याही गणेशोत्सवात भेटतील. मामाची सगळी नोकरी याच इमारतीत झाली. तो आता अमेरिकी नागरिक आणि निवृत्त. भाची जर्सी सिटीत कॉम्प्युटर सुरक्षेचं काम करते, एच-वन-बी व्हिसावर. मामाच्या अँड्रॉइड फोनला कंपनीकडून अपडेट येणं थांबलंय, तिथून विषय निघाला.

भाची: फोन धडधाकट आहे तुझा. बॅटरी बरी, काच शाबूत. फेकतोस कशाला? दुसरी सिस्टिम घालून देते मी यावर.

मामा: मामी म्हणते, आयफोन घ्या आणि सुटा.

भाची: थांब, बघू तरी दे. हं, नाही होणार. बूटलोडर, म्हणजे सिस्टिमचं कुलूप, उघडायचा पर्याय दिसतोय, पण करडा, दाबला तरी ढिम्म. कुठून घेतलेलास?

मामा: सिमवाल्या कंपनीकडून, हप्त्यांवर. सगळे हप्ते फिटले. आता दुसऱ्या कंपनीचं सिमसुद्धा चालतं.

भाची: सिमचं कुलूप काढतात ते, हे काढत नाहीत. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांकडून घेतलेल्या बऱ्याच फोनांचं असंच आहे. फोन चालू होताना आतली चिप बघते, सिस्टिमवर सही कुणाची आहे. कारखान्यात ठरलेली सही नसेल तर पुढे जाऊच देत नाही.

मामा: म्हणजे पैसे फिटले तरी फोन भाड्याचाच. मी १९८१ साली इथे आलो तेव्हा आमच्या घरातला फोन खरोखर भाड्याचा होता. आमच्याच एटी अँड टीच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचा, उचलला तर हात दुखेल इतका जड. बिलात दर महिन्याला त्याचं भाडं. आणि खरं सांगू? मला ते कधी खटकलं नाही. बिघडला की माणूस यायचा, बदलून द्यायचा.

भाची: तू त्याच कंपनीचा नोकर होतास ना.

मामा: तेही आहे. पण कॅन्टीनमध्ये म्हातारे इंजिनिअर हश-अ-फोनची गोष्ट सांगून हसायचे, ती ऐक. फोनच्या तोंडाशी बसवायचा एक कप. बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यात ना वीज, ना तार. एटी अँड टीचं म्हणणं, आमच्या फोनला आम्ही न दिलेली कुठलीही वस्तू लावायची नाही. सरकारी दूरसंचार आयोगानं कंपनीचीच बाजू घेतली. अखेर १९५६ साली वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं विचारलं, स्वतःच्या हाताचा आडोसा करून बोललेलं चालतं, मग कपानं जाळ्याचं काय बिघडतं?

भाची: आणि आज मी माझ्याच फोनात काय घालायचं ते विचारते, तर म्हणतात सुरक्षा!

मामा: थांब. गोष्ट अर्धीच सांगितली, आणि उरलेली तुझ्या बाजूची आहे. टेक्सासच्या थॉमस कार्टरनं वायरलेस सेट टेलिफोनला जोडणारं यंत्र काढलं, कार्टरफोन. १९६८ साली आयोगानं ते मान्य केलं. मग कंपनी म्हणाली, ठीक आहे, लावा परकी यंत्रं, पण मध्ये आमची संरक्षक पेटी हवी, आणि तिचं भाडं भरा! ती पेटी जायला सत्तरच्या दशकाची अखेर उजाडली. कशानं गेली? आयोगानं तांत्रिक कसोट्या छापून जाहीर केल्या. इतके व्होल्ट, इतका आवाज. त्या कसोटीला जो उतरेल त्याचा फोन लागेल, बनवणारा कुणीही असो. भिंतीतली ती चौकोनी खोबण, आरजे-११, त्या नोंदणीतूनच आली.

(बेलच्या माणसानं ही गोष्ट इतक्या खुशीत सांगावी याचं मला नवल वाटतं. पण निवृत्त माणसं आपल्या कंपनीचा पराभव कधीकधी विजयासारखा सांगतात.)

भाची: मामा, मला नेमकं हेच म्हणायचंय. हा बघ माझा फोन. पिक्सेल, त्यावर ग्राफीनओएस. चालू करताना पिवळी खूण येते, वेगळी सिस्टिम आहे म्हणून. पूर्वीच्या हौशी मुलांसारखं मी कुलूप तोडून ठेवलेलं नाही. उघडलं, नवी सिस्टिम घातली, तिच्या सहीची किल्ली चिपमध्ये भरली आणि परत बंद केलं. आता कुणी आत एक बाइट बदलला तरी फोन चालू होणार नाही.

मामा: मग अडचण कुठे आली?

भाची: दुकानात. फोन टेकवून पैसे देणारं गूगल वॉलेट यावर चालत नाही. काही बँकांची अ‍ॅप दारातूनच परत पाठवतात. ती गूगलला विचारतात, हा फोन ठीक आहे का? गूगल बघतं, आपण मान्य केलेली सिस्टिम आहे का. चार वर्षं अपडेट न मिळालेला, भोकं पडलेला फोन चालतो, कारण सही ओळखीची. माझा ताजा फोन नाकारला जातो. घराचं कुलूप स्वतः बदललं म्हणून बँकेनं खातं गोठवावं तसं आहे हे. तुझी ती छापील कसोटी कुठाय इथे?

मामा: मान्य. पण बँकेच्या जागी बसून बघ. तिला हजार प्रकारचे फोन येतात. कुठली पोरं कुठून काय उतरवून घालतात, तिनं कशाकशाची परीक्षा घ्यायची? आणि तू तरी कुणाच्या भरवशावर आहेस? सायनोजेनमॉड आठवतं? स्टीव्ह कोंडिकनं २००९ साली हौसेनं सुरू केलं, पुढे त्याची कंपनी झाली, २०१६च्या डिसेंबरात कंपनीनं सगळं बंद केलं. वापरणारे रस्त्यावर.

भाची: रस्त्यावर नाही. त्याच महिन्यात त्याच कोडमधून लिनिएजओएस उभं राहिलं. उद्या अ‍ॅपलनं आयओएस बंद केलं तर कुणाला उचलता येईल?

मामा: बरं, तो मुद्दा तुझा. पण मग अ‍ॅनॉमचं काय? तोही वेगळी सिस्टिम घातलेला खास सुरक्षित फोन. शंभरावर देशांत बारा हजारांच्या आसपास विकले गेले, गुन्हेगारांनी गुपितं त्यावर बोलली. २०२१च्या जूनमध्ये कळलं की तो एफबीआयच चालवत होती! आठशेच्या वर लोक पकडले.

भाची: त्याचा कोड कुणाला बघता येत नव्हता, मामा. ग्राफीनचा सगळा उघडा आहे.

मामा: तू वाचलास?

भाची: सगळा कोण वाचेल?

मामा: केन थॉम्पसन इथून तासाभरावर, मरे हिलला बसायचा. युनिक्सवाला. ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यानं दाखवलं की चोरवाट कंपायलरमध्येच, म्हणजे कोडवरून प्रोग्रॅम घडवणाऱ्या यंत्रणेतच, लपवता येते. मग प्रोग्रॅमचा कोड ओळन् ओळ वाचलास तरी ती दिसणार नाही. १९८४ साली छापलं ते. वाचून आम्ही आठवडाभर एकमेकांच्या मशीनकडे संशयानं बघत होतो. शेवटी कुणावर तरी विसंबावं लागतं, ताई. तू गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन विकत घेतलास. आतली चिप, रेडिओचं फर्मवेअर, कुठे तुझं आहे?

भाची: नाहीच. पिक्सेल घेतला, कारण स्वतःची किल्ली भरून परत कुलूप लावू देणारे फोन फारच थोडे. हे हास्यास्पद आहे, मला कळतं. पण विसंबण्याबद्दल माझी तक्रारच नाही. आज मी अमक्यावर विसंबते, उद्या त्यानं फसवलं तर भरवसा काढून दुसऱ्यावर ठेवता यावा, एवढंच. तुझ्या या फोनात तो काढताच येत नाही. त्याला भरवसा कसं म्हणायचं?

मामा: आयफोनवाल्यांचा मात्र अनुभव वेगळा आहे. २०१६ साली सॅन बर्नार्डिनोच्या गोळीबार प्रकरणात एफबीआयनं कोर्टाचा हुकूम आणला, मारेकऱ्याचा फोन उघडून द्या. टिम कुकनं जाहीर पत्र लिहून नकार दिला. बलाढ्य कंपनी होती म्हणून सरकारशी लढली. तुझे स्वयंसेवक लढतील?

भाची: तो हुकूम नीट आठव. एफबीआयला काय हवं होतं? पासकोड वारंवार चुकला की फोन पुसून टाकणारा अडसर काढलेली नवी आयओएस, त्या एका फोनसाठी. म्हणजे कस्टम सिस्टिमच! आणि ती फक्त अ‍ॅपलच देऊ शकत होती, कारण सही अ‍ॅपलची. सही एका हातात होती म्हणून तर हुकूम निघू शकला. कुक नाही म्हणाला, चांगला माणूस. मार्चमध्ये एफबीआयला दुसरीकडून वाट मिळाली, खटला सोडला. प्रश्न तसाच राहिला. आपल्याकडे भारतात २०२५च्या नोव्हेंबरात सरकारनं फोन कंपन्यांना सांगितलं, प्रत्येक नव्या फोनात आमचं संचार साथी अ‍ॅप घालूनच विका. ओरड झाली म्हणून काही दिवसांत मागे घेतलं. पण असा हुकूम कुणाला देता येतो? ज्याच्या हातात सगळ्यांचे फोन आहेत त्याला.

मामा: हं. (इथे मामानं कॉफी संपवली. तो हरला असं मी म्हणणार नाही. त्याचं खरं शस्त्र पुढे आहे.) मग तुझ्या आईला सांगलीला मी आयफोन पाठवला, ते चुकलं का?

भाची: तो विषय वेगळा.

मामा: वेगळा कसा? व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली. पत्रिका कसली, अ‍ॅपची फाइल, एपीके. दाबलं की एसएमएस वाचणार, ओटीपी नेणार, खातं साफ. तिच्या भिशीतल्या एका बाईंचं झालं. तुझी आई म्हणाली, मला काही कळत नाही, असं काहीतरी दे की मी काहीही दाबलं तरी चालेल. कुलपासाठी ती रडकुंडीला आली होती आणि तू मला भरवसा काढून घ्यायचं स्वातंत्र्य शिकवतेस.

भाची: तिनं मागितला, तू दिलास, ठीकच केलंस. पण या भीतीच्या जोरावर काय चाललंय बघ. गूगलनं २०२५च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की यापुढे प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप लिहिणाऱ्यानंही आमच्याकडे ओळख नोंदवायची. २०२६च्या सप्टेंबरात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडपासून सुरुवात. कारण दिलं फसवणुकीचं. ते कारण खोटं असतं तर भांडायला सोपं होतं. आईला हवं ते कुलूप तिला मिळावं. पण तिच्या नावावर सगळ्यांच्याच फोनांना तेच का?

मामा: कारण तुझ्यासाठी ठेवलेल्या वाटेनंच चोर तुझ्या आईकडे येतो. तो तिला फोनवर सांगतो, मावशी, अमुक सेटिंग चालू करा.

भाची: म्हणून वाट अवघड ठेवावी. ग्राफीन घालताना आधीचा सगळा डेटा पुसला जातो, केबल लावावी लागते, दोनदा विचारतात. फोनवरच्या चोराला मावशीकडून एवढं करून घेता येणार नाही. अवघड वाट आणि बुजवलेली वाट यात फरक आहे.

मामा: हे पटलं. इथल्याच ग्लेन रॉकच्या एका पोराची वाट अवघडच होती. जॉर्ज हॉट्झ, सतरा वर्षांचा. २००७च्या ऑगस्टमध्ये आयफोनच्या आत डाग देऊन त्यानं तो एटी अँड टीच्या जाळ्यातून सोडवला. पुन्हा आमचीच कंपनी! आणि पुढे आयफोनचं कुलूप तोडणं गुन्हा की नाही, ते ठरवायला गेलं कुणाकडे? कॉपीराइटच्या कायद्यापायी अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथपालाकडे. २०१० साली त्यानं सूट दिली, तीही दर तीन वर्षांनी पुन्हा मागायची.

भाची: बरं, मग तू काय घेणार?

मामा: नवा पिक्सेल, रोखीनं, गूगलकडून थेट. तू म्हणतेस ते घालून दे. तूही जानेवारीत व्हिसाच्या शिक्क्याला मुंबईला जाताना तुझं ते दाखव घरच्यांना.

भाची: मी तो नेणार नाही.

मामा: म्हणजे?

भाची: मुंबईला साधा आयफोन नेणार, मैत्रिणीकडून घेऊन. डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बीवाल्यांनाही सोशल मीडियाची खाती उघडी ठेवून मुलाखतीला जावं लागतं. येताना नेवार्कला कुणी फोन मागितला आणि ती पिवळी खूण दिसली, तर मी त्याला चिपमधली किल्ली समजावत बसू? लपवण्यासारखं काही नाही माझ्याकडे. पण मला आत घ्यायचं की नाही हे त्याच्या हातात आहे.

मामा: तासभर माझ्याशी भांडलीस आणि स्वतः ओळखीची सही घेऊन जाणार.

भाची: हो. तुझं तसं नाही. तू नागरिक आहेस, फार तर फोन ठेवून घेतील, तुला परत पाठवू शकत नाहीत.

मामा: म्हणजे ज्याला गरज कमी त्यालाच हे परवडतं.

भाची: म्हणूनच तू वापर. निवृत्त लोकांनी, अमेरिकी पासपोर्टवाल्या मामांनी वापरला की त्या काउंटरवर पिवळ्या खुणेचं कुणाला नवल वाटणार नाही. मग मलाही नेता येईल.

मामा: तुझ्यासाठी मी संशयित व्हायचं?

भाची: मामा आहेस ना.

मामा: होतो. पण दुकानात टेकवून पैसे गेले नाहीत की मामीला तू समजावायचंस, आणि तेही मी तिथे नसताना.