दाबून धरणं

तीन थर एकावर एक ठेवून मशीनखाली घातले की शिवणीच्या टोकाला वरचं कापड थोडं उरतं. सुरुवातीला कडा जुळवलेल्या असतात, टाचण्याही लावलेल्या असतात. तरीही वरचा थर लांब झाल्यासारखा वाटतो, आणि मध्येच कुठेतरी चुणी पडलेली असते.

कापड लांब झालेलं नसतं. ते मागे राहिलेलं असतं. मशीनमध्ये खाली दाते असतात. ते प्रत्येक टाक्याला वर येतात, कापड एक पाऊल पुढे नेतात आणि पुन्हा खाली जातात. वर असतो तो फूट. त्याचं काम दाबून धरण्याचं. म्हणजे खालचा थर चालतो, आणि वरचा थर दाब सोसत त्याच्यामागे ओढला जातो. ब्लाउज शिवताना हा फरक कळतही नाही. गोधडीच्या जाडीत तो लपत नाही.

अलीकडे गोधडी मशीनवर घालताना मी निरनिराळे फूट लावून पाहते आहे. पहिला वॉकिंग फूट. हा दिसायला बोजड. त्याच्या बाजूला एक दांडी असते, ती सुईच्या स्क्रूवर बसते. सुई वर गेली की दांडी उचलली जाते, आणि फुटाच्या पोटातले दाते वरच्या कापडावर टेकून खालच्या दात्यांबरोबर सरकतात. आता दोन्ही थर एकदमच पाऊल टाकतात. वेग कमी ठेवावा लागतो, खडखड होते, आणि उलटं शिवायला हा फूट सहसा चालत नाही. पण सरळ रेघेच्या शेवटी कडा जुळतात. ज्याला नुसतं दाबून धरलं होतं, त्यालाही चालू दिलं, एवढाच फरक.

हाताने गोधडी घालणाऱ्या बायकांना हा प्रश्न फारसा पडत नाही. जुनं लुगडं जमिनीवर पसरायचं, त्यावर आतले थर, वर पुन्हा लुगडं. मोठे टाके घालून सगळं जागेवर बसवायचं आणि मग धावदोरा. एक हात वर सुई चालवतो, दुसरा खालून थर चाचपत असतो. कुठे कापड गोळा होतंय हे बोटांना डोळ्यांआधी कळतं. मशीनवर शिवताना खालचा हात निघून जातो. वॉकिंग फूट पाहिला की वाटतं, त्या दोन हातांतला समजूतदारपणा लोखंडात उतरवायचा हा प्रयत्न आहे. तो पुरता उतरत नाही, पण प्रयत्न मला आदराचा वाटतो.

डार्निंग फूट याच्या अगदी उलट. तो लावताना खालचे दाते उतरवून ठेवतात. सुई कापडात शिरते तेव्हा फूट हलकेच टेकतो, सुई निघाली की उचलला जातो. कापड कोणीच पुढे नेत नाही. ते आपण न्यायचं, हव्या त्या दिशेला. लेखणी जागेवर ठेवून कागद फिरवत लिहावं, तसं हे काम आहे. टाक्याची लांबीही आता मशीन ठरवत नाही. हात थबकला तर टाके एकावर एक बसतात, हात घाईत असला तर लांब पडतात. मनाची घालमेल इथे कापडावर मोजता येते. वेली, भोवरे, पानं, सगळं याच फुटाने निघतं. पण त्याआधी हाताची आणि पायाखालच्या पेडलची चाल जुळावी लागते, आणि ती सवयीनेच जुळते.

मशीनचं काम खरं की हाताचं, हा वाद अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्यांमध्ये बराच काळ चालला. केंटकी राज्यातल्या पडूका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचं प्रदर्शन भरतं. १९८९ साली तिथला सर्वोच्च मान कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या ‘कोरोना २: सोलर एक्लिप्स’ला मिळाला. मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला तो मान तिथे पहिल्यांदाच मिळत होता. मला तो निवाडा योग्य वाटतो. टाक्यामागे लक्ष असलं, की सुई कशाने हलली हा प्रश्न दुय्यम होतो.

तुकडे जोडण्यासाठी पाव इंची फूटही मिळतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. शिवण एक मिलिमीटर जास्त आत गेली तर दोन्ही बाजूंचं मिळून दोन मिलिमीटर कापड जातं. बारा तुकड्यांच्या ओळीत अकरा शिवणी, म्हणजे ओळ बावीस मिलिमीटरने आखडते. एकेका शिवणीत काहीच दिसत नाही. दोन ओळी शेजारी ठेवल्या की दिसतं.

नवा फूट घेण्याआधी एक मात्र करून पाहावं. बऱ्याच मशीनवर, फुटाच्या दांड्याच्या माथ्यावर, दाब कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. तो थोडा सैल केला तरी पुष्कळ चुण्या जातात. आपण तो क्वचितच फिरवतो. मशीन घरी आली तेव्हा जेवढा दाब होता, तेवढाच मलमलीला आणि तेवढाच वाकळेला.

कोपऱ्यावर वळताना मात्र कोणताही फूट उचलावाच लागतो. सुई आधी कापडात खाली रोवायची, मग फूट वर घ्यायचा, मग सगळं वजन सावकाश फिरवायचं. सुईही वर राहिली तर थर सरकतात. फूट खालीच राहिला तर कापड वळत नाही, पिळवटतं.