पाण्यासोबत चालताना

शांत बसा. श्वास आपल्या लयीत चालू द्या. तुमच्या ओळखीचा एखादा गावरस्ता नजरेसमोर आणा. फाट्यावरून आत वळणारा, जेमतेम पावणेचार मीटर रुंद, काळ्या रानातून जाणारा. गाडीतून उतरा. पायी चला.

पायाखाली काय काय आहे ते मनाने उकलत जा. वर डांबराचा पातळ थर. त्याखाली रोलरने दाबलेली खडी, मग मुरूम. 1972च्या दुष्काळात अशा कितीतरी रस्त्यांची खडी बायकांनी उन्हात बसून हाताने फोडली. त्यांची आठवण ठेवून आणखी खाली जा. तिथे काळी माती आहे. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडणारी. गाड्यांचं ओझं शेवटी मातीच पेलते आणि कोरडी असेल तरच पेलते, हे मॅकॅडम या स्कॉटिश रस्तेबांधकाने दोनशे वर्षांपूर्वी ओळखलं. त्या अटीपाशी थोडं थांबा.

आता पाऊस येऊ द्या. रस्त्याच्या मधोमध एक थेंब पडला. त्याच्यासोबत चला. डांबरी रस्ता मध्ये उंच असतो, कडेकडे मीटरमागे अडीच-तीन सेंटीमीटर उतरता. थेंब साईडपट्टीवर येतो. तिथून चारीत, चारीतून मोरीत, मोरीतून ओढ्याला. पण गवत-माती साचून साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल, तर तो तिथेच अडतो. मुरतो. मातीपर्यंत पोचतो. मग उसाची भरलेली ट्रॉली जाते. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते. कड खचते, डांबरावर बारीक चिरांचं जाळं पसरतं. डांबरात चोरी झाली असं आपण म्हणतो. कधी झालेलीही असते. तरी आधी चारी बघा.

शेतात ट्रॅक्टर न्यायला कुणीतरी ती मातीने बुजवली आहे, खाली नळा न टाकता. राग येईल, येऊ द्या, ओसरू द्या. त्यालाही रानात जायला वाट हवीच होती. रस्ता आखतानाच तिथे नळा टाकायला हवा होता.

पूर्वी रस्त्यावर मैलकुली दिसायचे. फावडं, कुदळ, घमेलं. चारी उपसायची, मोरीच्या तोंडचा पालापाचोळा ओढायचा, खड्डा वीतभर असतानाच भरायचा. नवा रस्ता करण्याइतकंच हे काम मोठं आहे, असं मला मनापासून वाटतं. त्याचं उद्घाटन होत नाही, एवढंच.

आता सावकाश फाट्यावर परत या. रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल, तर तिथे फलक असेल. पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी ठेकेदाराचीच असते; वर्षवार रक्कमही लिहिलेली असते. एकेक ओळ वाचा. काम पूर्ण झाल्याची तारीख शोधा, तिच्यात पाच मिळवा. त्यानंतरच्या मे महिन्यात मोऱ्या कोण उपसणार, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारायला घेऊन जा.