बागेतील खोली

एकांताची इच्छा हा स्वार्थ आहे काय, हा प्रश्न जुनाच आहे. आमच्यापुढे मात्र तो ग्रंथांतून आला नाही. बागेच्या कोपऱ्यातील एका पडीक खोलीतून आला.

खराडीस आमचे घर आहे. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव एकेकाळी शेतमळ्यांचे होते. आता येथे काचेच्या उंच कचेऱ्या उभ्या आहेत आणि त्यांतील दिवे रात्रीही मालवत नाहीत. अशा वस्तीत हातभर बाग व तिच्या टोकाला एक कौलारू खोली शिल्लक असावी, हे भाग्यच म्हणावयाचे. ह्या खोलीत वर्षानुवर्षे बिघडलेला पंप, खताची रिकामी पोती, गंजलेल्या कुदळी आणि पाय मोडलेली एक आरामखुर्ची पडून होती. गेल्या मार्गशीर्षात आम्ही ती रिकामी केली. वाळवी लागलेली चौकट बदलली, फुटकी कौले काढून नवी बसविली, भिंतींस चुना दिला, शहाबादी फरशी घासून काढली. ‘आम्ही’ असे लिहितो खरे. परंतु निम्म्याहून अधिक काम सौभाग्यवतीने केले, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. मग खिडकीपाशी टेबल आले, फळीवर निवडक पुस्तके आली, आणि दाराला आतून कडी बसली. हेतू एवढाच की, तेथे आम्हांस कोणी हाक मारू नये.

ह्या हेतूस थोरांचा आधार शोधणे कठीण नव्हते. फ्रान्समधील माँतेन १५७१ साली सार्वजनिक कामांतून निवृत्त होऊन आपल्या बुरुजातील ग्रंथालयात जाऊन बसला, आणि त्या बसण्यातून निबंध हा वाङ्मयप्रकार जगास मिळाला. आमचे तुकोबा तर देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. एवढी साक्ष मिळाल्यावर आमच्या मनास टोचणी लागण्याचे कारण उरले नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही खोलीकडे गेलो, तो कडी आतून लावलेली.

“कोण आहे आत?”

“मी आहे.”

“काय करते आहेस?”

“काही नाही हो. नुसती बसले आहे.”

आम्ही परत फिरलो. पण मनात राग होता, हे लपविण्यात अर्थ नाही. पुढे त्या रागाचाच विचार करू लागलो. ती शिवण घेऊन बसली असती, हिशेबाची वही किंवा पोथी घेऊन बसली असती, तर आमची तक्रार नव्हती. रिकाम्या हाताने बसणे तेवढे आम्हांस खटकले. वास्तविक त्याच खिडकीपाशी आमचा अर्धा वेळ डुलकीत जातो. परंतु त्यास घरात सर्वजण चिंतन म्हणतात. आमच्या एकांतास कोणी कारण विचारीत नाही, आणि तिच्या एकांतास आम्ही दाराबाहेर उभे राहून कारण विचारले!

मग भंडाऱ्याच्या डोंगराची कथा आम्हांस पुरती आठवली. परंपरा असे सांगते की, तुकोबांची भाकर घेऊन जिजाई तो डोंगर चढून जात असे. कथेचा हा भाग आम्ही आधार शोधताना सोयीस्करपणे गाळला होता. तुकोबांच्या थोरवीस त्याने यत्किंचितही उणेपणा येत नाही. परंतु आपल्यासारख्या सामान्य माणसांनी त्यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. कोणी एकजण कडी लावून बसतो, तेव्हा चूल, दार, आजारी माणूस आणि रडणारे मूल ही दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यास येतात. म्हणून एकांत चांगला की वाईट, ह्यापेक्षा त्या वेळात घर कोण सांभाळीत आहे, हा प्रश्न नीतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय.

रमाबाई रानडे ह्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. माधवरावांनी पत्नीस शिकविण्याचे मनावर घेतले, तरी भरल्या घरात तिला त्यासाठी मिळे ती रात्रीची वेळ. आणि त्या अभ्यासाची किंमत दिवसा घरातील स्त्रियांच्या बोलण्यातून मोजावी लागे. पतीचा पाठिंबा असताना ही स्थिती! मग जिला तो नाही, तिने एकांताची इच्छा बोलूनच दाखविली नाही, तर ती इच्छा तिला नव्हती असे कसे मानावे? न मागणे आणि नको असणे ह्या दोन गोष्टी आपण घराघरांतून एक समजत आलो आहोत.

कोणी म्हणेल, एका खोलीवरून एवढा ऊहापोह कशास? दोघांनी मिळून बसावे! परंतु मिळून बसणे हे सुख निराळे, आणि एकटे बसणे ही गरज निराळी. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

आता दुपारी चार ते पाच ती खोली सौभाग्यवतीची असते. ती तेथे काय करते, हे आम्ही विचारीत नाही. त्या तासात चहा आम्ही ठेवतो, मातोश्रींचे औषध आम्ही देतो, आणि दारावरची घंटा वाजली की आम्हीच उठतो. ती तासाभरात किती वेळा वाजते, हे आम्हांस इतक्या वर्षांनी प्रथमच कळले.